रविवारी अडणारा कागद

पाइवोला, मिशिगन
१२ जानेवारी

प्रिय रेइनो,

नाताळचं तुझं कार्ड मिळालं. सही सोडून त्यावर एक अक्षर नव्हतं, म्हणजे माझा भाऊ धडधाकट आहे असं मी धरून चालते. तळ्याकाठच्या तुझ्या त्या लाकडी घरात, कॅम्पवर, फोन लागत नाही आणि लागला तरी तुला ऐकू येत नाही, तेव्हा आपली ही पत्रंच बरी.

काम आहे. मागच्या उन्हाळ्यात तू आमच्या दोन जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स बसवून गेलास आणि त्यांचं बारसंही केलंस. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरचं नाव नीसू, कारण मी दर शुक्रवारी नीसूचा गोड पाव भाजते. उर्होच्या कॉम्प्युटरचं नाव हाउकी, कारण तुझ्या मते त्या माशाचा आणि माझ्या नवऱ्याचा जबडा कायम उघडा असतो. बारशाची नावं टिकली आहेत. प्रिंटर तेव्हा नीसूला जोडलेला होता, आता मी तो हाउकीला जोडलाय. का हलवला ते विचारू नकोस.

हल्ली आमच्याकडे असं चाललंय. धर्मगुरू महिन्यातून एकदा येतात आणि बाकीच्या रविवारी उर्हो प्रवचन करतो, हे तुला ठाऊक आहेच. सध्या त्याचा घसा बसलाय. म्हणून तो प्रवचन लिहितो, मला मेल करतो, मी चुका काढते, माझ्या डोळ्यांना झेपतील एवढी अक्षरं मोठी करते आणि रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवते. पण प्रिंट काढायची म्हटली की पेन ड्राइव्ह खिशात घालून प्रत्येक वेळी त्याच्याकडे जायचं. मी नीसूवर बटण दाबलं की तिकडे कागद निघाला, असं होतं का? लायब्ररीतली मुलगी म्हणते नवीन प्रिंटर घ्या. मी काही नवीन घेणार नाही, आहे तो चांगला चालतोय.

हे जमलंच पाहिजे, रेइनो. एखाद्या रविवारी माझ्या हातात कागद नसला तर व्हर्नन माकी प्रवचनाला उभा राहील, आणि तो एकदा उभा राहिला की बसायचा नाही.

तुझी,
आइली

*

डॉग लेकचा कॅम्प, थंडर बेजवळ, ऑन्टारियो
२४ जानेवारी

प्रिय आइली,

होतं. लिनक्समध्ये ते आधीपासूनच आहे, फक्त हो म्हणावं लागतं.

हाउकीसमोर बस. ब्राउझर उघड. पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट', मग एकावर एक दोन टिंबं, मग ६३१ लिही. छपाईचं पान उघडेल. 'ॲडमिनिस्ट्रेशन'वर जा. तिथे 'या कॉम्प्युटरला जोडलेले प्रिंटर शेअर करा' अशी एक चौकट आहे. तिच्यात खूण कर आणि बदल जतन कर. पासवर्ड मागेल, तो तुझ्या पावाच्या डब्याच्या झाकणाखाली चिकटवलेला आहे. मग नीसूवर काहीही उघडून प्रिंट म्हण. हाउकीचा प्रिंटर आपोआप यादीत दिसायला हवा.

आता नियम ऐक. एका पत्रात एकच काम करायचं. जमलं नाही तर पडद्यावर काय आलं ते जसंच्या तसं लिहायचं. 'चालत नाही' एवढंच लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. आम्हा लिनक्सवाल्यांत या दोन शब्दांवर लोक बोलणं बंद करतात.

आणि काय गं, उर्होला झालंय काय? तुझ्या पत्राखाली नेहमी त्याच्या दोन ओळी असायच्या, त्यात निदान एक तरी शिवी असायची. गेली दोन-तीन पत्रं कोरडी आली. उन्हाळ्यात निघताना मी त्याला म्हटलं होतं, "उर्हो, अधूनमधून तोंड बंद ठेव, देवालाही बोलू दे." त्यावरून रुसला की काय? सांग त्याला, एवढ्याशा गोष्टीवर म्हातारे रुसायला लागले तर तळ्यावर मासे धरायला जायचं कुणी.

रेइनो

*

पाइवोला
१० फेब्रुवारी

प्रिय रेइनो,

जसंच्या तसं लिहिते. पहिल्या दिवशी पडद्यावर काही म्हणजे काहीच आलं नाही. मी खूण नीसूवर करून बसले होते. ज्याच्याकडे प्रिंटर आहे त्याने वाटून घ्यायचा, जिच्याकडे नाही तिने कशाला वाटायचा, हे दुसऱ्या दिवशी डोक्यात शिरलं. मग हाउकीवर खूण केली. परत येऊन नीसूवर बघते तर प्रिंटर यादीत येऊन बसलेला, जणू इथलाच. चाचणीचं पान पाठवलं आणि ते आणायला मी पोरीसारखी धावत गेले.

पण आनंद चार दिवस टिकला. रविवारी सकाळी प्रवचन पाठवलं तर पहिलं पान निम्मं बाहेर येऊन अडकलं. ओढून काढलं तर पुढची तीन पानं एकमेकांना चिकटून एकदम आली आणि तीही अडकली. चर्चची वेळ झाली होती. जुन्या पुस्तकातलं एक प्रवचन वाचून वेळ मारून नेली. सोमवारी तेच प्रवचन विनातक्रार छापलं गेलं. मंगळवार, बुधवारही ठीक. काल पुन्हा रविवार, पुन्हा तेच! व्हर्नन पहिल्या बाकावर बसून घसा खाकरत होता.

आठवड्यातले सगळे दिवस चालणारं यंत्र नेमकं देवाच्या दिवशी का अडतं, ते सांग. उर्हो रुसलेला नाही. घसा बसलाय म्हटलं ना.

आइली

*

डॉग लेक
१९ फेब्रुवारी

प्रिय आइली,

घसा बसलेल्या माणसाचे हात बसत नाहीत, दोन ओळी लिहायला काय जातंय त्याला? पण ते असो.

मला दोन शंका आहेत. एक, हाउकी काम नसलं की झोपतो आणि रविवारी सकाळी तू त्याला झोपेतून उठवतेस, तेव्हा तो अर्धवट जागा होऊन काम बिघडवतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याची झोप बंद कर. दुसरी, तू शनिवारी अपडेट करतेस का? खरं सांग. चालत्या गोष्टीला हात लावल्याशिवाय आमच्या जातीच्या माणसाला चैन पडत नाही, आणि तो हात नेमका महत्त्वाच्या दिवसाच्या आदल्या दिवशी लागतो. हे मी स्वतःवरून सांगतोय.

दोन्ही करूनही अडलं तर अडकलेलं पान फेकू नकोस. घडी न घालता, जसं निघेल तसं मोठ्या पाकिटातून पाठव. आणि प्रिंटर कुठल्या खोलीत आहे तेही लिही, वाय-फाय किती भिंती ओलांडतो ते मला कळायला हवं.

रेइनो

*

पाइवोला
३ मार्च

रेइनो,

झोप बंद केली. अपडेट मी शनिवारी करायचे, तेही बंद केलं. तरी काल जुनं प्रवचन छापायला घेतलं तर अडलंच. पान सोबत पाठवतेय. प्रिंटर लहान खोलीत आहे.

आता तुला सांगते, हे नुसतं प्रिंटरचं राहिलेलं नाही. मागच्या आठवड्यात उर्होने काही लिहिलंच नाही. "ईस्टरचं प्रवचन व्हर्ननला देऊन टाक" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. चाळीस वर्षं ज्या माणसाने ईस्टर सोडला नाही, तो. मी त्याला सांगितलं, देणार नाही. ईस्टरला तुझंच प्रवचन होईल, मीच वाचीन, आणि मोठ्या अक्षरांत छापलेल्या कागदावरूनच वाचीन. तू लिही, कागदाचं मी बघते.

म्हणून बघते आहे. तुझ्या शंका संपल्या असतील तर तसं सांग, म्हणजे मी दुसरीकडे विचारीन. पण मी सोडणार नाही.

आइली

*

डॉग लेक
१२ मार्च

आइली,

पाकीट उघडलं आणि आधी वास आला. बर्चच्या लाकडाच्या धुराचा. मग पान उजेडात धरलं. वाळत घातलेल्या चादरीसारखं लाटालाटांचं झालंय.

मी तीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली. दमट कागद कसा फुगतो, कसा एकमेकांना बिलगतो, यंत्रात कसा अडतो हे मला अंधारात हात लावून कळायचं. आणि दोन महिने मी तुला सेटिंगं बदलायला लावतोय! कॉम्प्युटर दिसला की आमच्या डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. मी गाढव आहे, हे उर्होला सांगून टाक, त्याला बरं वाटेल.

तुझी 'लहान खोली' म्हणजे सॉनाची कपडे बदलायची खोली. शनिवारी सॉना तापते, दगडांवर पाणी पडतं, निम्मं गाव येऊन वाफ घेऊन जातं, आणि रविवारी सकाळी तू त्याच वाफेत रात्रभर भिजलेल्या कागदावर प्रवचन छापतेस. आठवड्याभरात कागद सुकतो आणि शनिवारी परत भिजतो. प्रिंटर सॉनात ठेवणारी माणसं जगात फक्त आमच्याच घरात सापडायची!

पण तू येडी नाहीस, आइली. तू जिथे प्रिंटर ठेवलास तिथे उर्हो बसतो. घर सोडून उर्हो अंगणापलीकडच्या सॉनात का राहतो? भिंतीकडे तोंड करून तिथे का पडतो? आता लपवू नकोस. काय झालंय ते लिही.

रेइनो

*

पाइवोला
२१ मार्च

प्रिय रेइनो,

उर्होने मला शपथ घातली होती. आज ती मोडते.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. गाठ गेली, डॉक्टर म्हणतात पुन्हा यायची नाही. पण आवाज गेला. तो आता गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेतो. 'म्हणाला' असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं. तो लिहून दाखवतो, आणि हात थरथरतो म्हणून तेही हाउकीवर, एका बोटाने.

घरातली हवा हिवाळ्यात कोरडी ठणठणीत. तिथे त्याला खोकल्याची उबळ आली की माझा जीव जातो. दमट, उबदार हवेत त्याला श्वास नीट येतो. म्हणून तो सॉनाच्या त्या खोलीत राहायला गेला. रोज चुलीवर किटली असते, शनिवारी पूर्ण वाफ. शनिवारी रात्रीच तो खोकल्याशिवाय झोपतो. ती वाफ मी बंद करू शकत नाही, रेइनो. आणि तोच ओलावा त्याचं प्रवचन अडवतो.

तुला का नाही सांगितलं? कारण तू त्याला तोंड बंद ठेवायला सांगून गेला होतास. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने मला पहिली गोष्ट ती लिहून दाखवली. "रेइनोला कळवू नकोस. गमतीत बोललेलं तो जन्मभर उराशी धरून बसेल." रुसला नव्हता तो. तुझीच काळजी करत होता.

मला सगळ्यात जास्त काय खुपतं माहीत आहे? पूर्वी तो अंगणात लाकडं फोडता फोडता तिथूनच "कॉफी!" म्हणून ओरडायचा. एवढ्या मोठ्याने की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायचा. मी म्हणायचे, हळू बोल, मी काही बहिरी नाही, बहिरा माझा भाऊ आहे. आता त्याला काही हवं असेल तर हाक मारता येत नाही. मी दर थोड्या वेळाने बर्फ तुडवत बघून येते. तो पडला असला तरी मला कळायचं नाही. आणि मी आले की तो काही नको असं मान हलवतो, कारण मला हेलपाटे पडतात हे त्याला दिसतं.

झालं सांगून. आता तू रडत बसू नकोस. उपाय सांग. ईस्टर महिन्यावर आलाय.

आइली

*

डॉग लेक
२९ मार्च

प्रिय आइली,

तुझं पत्र, टपाल येतं त्या दुकानाच्या पायरीवरच वाचलं. मग तळ्यावर गेलो, बर्फाला भोक पाडलं आणि गळ न टाकताच बसून राहिलो. रडू नकोस म्हणालीस, ते काही मी ऐकलेलं नाही. उर्होला सांग, त्याचा अंदाज बरोबर होता, मी ते उराशी धरलंय. पण जन्मभर धरणार नाही, कारण तळं मोकळं झालं की मी तिकडे येऊन त्याच्या तोंडावर माफी मागणार आहे.

आता उपाय. वाफ उर्होजवळ राहील. प्रिंटर आणि कागद तुझ्याजवळ येतील. प्रिंटर उचल आणि स्वयंपाकघरात नीसूला जोड. कागदाची चवड भट्टीजवळच्या पिठाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव, तिथे तो नेहमी कोरडा राहील. मग जी खूण तू पहिल्या दिवशी चुकून नीसूवर केली होतीस, तीच आता नीसूवर हवी. तपासून बघ, कदाचित तुझी चूक अजून तिथे असेल आणि तुझे कष्ट वाचतील.

एक अडचण येईल, आणि ती माझी करणी आहे. तू दिसेल त्या गोष्टीवर क्लिक करतेस म्हणून उन्हाळ्यात मी नीसूला बाहेरून येणारी सगळी दारं बंद करून टाकली होती. नीसू बाहेर जाऊ शकते, पण तिच्याकडे कुणी येऊ शकत नाही. हाउकीला प्रिंटर दिसेल, उर्हो पान पाठवेल, आणि ते पान दारातच राहील. तेव्हा ६३१ नंबरचं दार उघडायचं, फक्त घरातल्या यंत्रांपुरतं. त्यासाठी नीसूवर टाइप करायची ओळ वेगळ्या कागदावर लिहिली आहे. एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे करू नकोस. माझ्या बहिणीला मी बाहेरच्या जगापासून वाचवायला गेलो आणि तिच्या नवऱ्याचंच दार लावून बसलो.

पत्र लवकर पोचावं म्हणून दुकानदाराकडून जास्तीची तिकिटं लावून घेतली आहेत.

तुमचा,
रेइनो

*

पाइवोला
२२ एप्रिल

प्रिय रेइनो,

आधी ईस्टरचं सांगते. वाचलं! उर्होचं प्रवचन, मोठ्या अक्षरांत, कोरड्या खणखणीत कागदावर. शनिवारी गावाने नेहमीसारखी वाफ घेतली, रविवारी सकाळी उर्होने सॉनात बसून पानं पाठवली, आणि माझ्या टेबलावर ती एकामागून एक निघाली. चर्चमध्ये उर्हो पहिल्या बाकावर होता, गळ्याला रुमाल बांधून. मी वाचत होते आणि त्याचे ओठ हलत होते. प्रवचन लांबलं होतं, खोटं कशाला सांगू, तुझं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी मधलं एक पान हळूच गाळलं. त्याने काठी आपटली. मी पुढे वाचू लागले तर परत आपटली. सगळे हसायला लागले, व्हर्ननसुद्धा. मला मागे जाऊन ते पान वाचावं लागलं.

पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी प्रिंटर गोणपाटात गुंडाळून अंगणातून आणला. नीसूवरची माझी जुनी चूक जागच्या जागी होती. हाउकीवर प्रिंटर दिसला, मी चाचणीचं पान पाठवलं, इकडे येऊन बघते तर काही नाही. तू म्हणालास तसं दारातच. मग तुझी ओळ लिहिली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, तिसऱ्यांदा मी चष्मा पुसला आणि बरोबर आली. धावत जाऊन परत पान पाठवलं, धावत आले, पान निघालेलं होतं. उर्होला दाखवलं. त्याने मान हलवली, खूश झालाय की नाही ते कळलं नाही. मी घरात येऊन नीसूची कणीक मळायला घेतली.

कोपरापर्यंत हात पिठात होते आणि मागे प्रिंटर घरघरला. मी काही पाठवलं नव्हतं. वाटलं, बिघडला. पिठाच्याच हाताने पान उचललं. सगळ्या पानावर, त्याला टाकता आला तेवढ्या मोठ्या अक्षरांत, एकच शब्द होता.

"कॉफी!"

रेइनो, मी तिथेच पिठात रडले. सहा महिन्यांनी माझ्या नवऱ्याने मला अंगणापलीकडून हाक मारली. कॉफी घेऊन गेले तर हा भोळाभाबडा चेहरा करून बसलेला. मी खूप बोलले त्याला. एका शब्दासाठी अख्खा कागद घालवतात का, झाडं काय फुकट उगवतात का, माझा भाऊ कागदवाला आहे, त्याने बघितलं तर काय म्हणेल. तो खांदे हलवून हसत होता. आवाज नाही, पण हसणं तेच आहे. परत स्वयंपाकघरात आले तर दुसरं पान येऊन पडलेलं.

"साय विसरलीस."

आता दिवसभर हे चालू असतं. लाकडं आण, खिडकी उघड, तो व्हर्नन गाडीतून उतरतोय, मी झोपलोय असं सांग. मी पानांच्या पाठकोऱ्या बाजूही वापरते. हेलपाटे संपले, कारण काही हवं असेल तर तो ओरडतो. आणि ईस्टरचं प्रवचन त्याने त्या कॉफीच्या दुसऱ्या दिवशी लिहायला घेतलं, कुणी न सांगता.

लवकर ये. सोबत त्याचं एक पान आहे. आज सकाळी आलं, वर तुझं नाव होतं, म्हणून वाचलं नाही. बरं, वाचलं.

आइली

*

रेइनो,

माफीबिफी काही नको. प्रवचन लांब असतं हे मला चाळीस वर्षं माहीत आहे.

तळं मोकळं झालं की ये. गळ मी आणीन, वल्ही तू मार. बोलायचं तूच, मी ऐकीन. तुझ्या आयुष्यातली ही पहिलीच संधी आहे, वाया घालवू नकोस.

अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली आहेत. तुला कमी ऐकू येतं.

उर्हो